फुलं पेरलेली पट्टी

आमच्या रूइक्लूफ गावात फुलं कोणी पेरत नाही. ती येतात. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात. मे महिन्यात तो झाला, जूनमध्ये आणखी एकदोनदा झाला, की ऑगस्टमध्ये केशरी डेझी आपोआप उभी राहते. ज्या शेताकडे मालकाने पाठ फिरवली त्या शेतात तर सर्वांत दाट. म्हणून मी माझ्या पट्टीत फुलं पेरणार म्हटल्यावर माझी नणंद याकोमिना हसून हसून चुलीशेजारी खालीच बसली.

"सूस," ती म्हणाली. मी थोरली, म्हणून ती मला सूस म्हणते. "त्यापेक्षा वारा पेर. त्याला पाणीपण लागत नाही."

"हसून झालं की भाकरी उलट. जळतेय."

मला हसू येत नव्हतं. पट्टी गावकीची आहे. माझा नवरा बारेंड होता तोवर ती त्याच्या नावावर होती, तो गेल्यावर दोन वर्षं खेटे घालून मी ती माझ्या नावावर करून घेतली. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी कमिटी फिरते. पट्टी पडीक दिसली तर ती परत घेऊन दुसऱ्याला देतात. पट्टी गेली की यादीतलं नाव जातं, आणि यादीत नाव नसलेल्या माणसाला झऱ्यावर पाण्याची पाळी नाही आणि सभेत बोलायला तोंड नाही. मी सभेत पुष्कळ बोलते. माझं नाव निघालं तर काही लोकांना बरंच वाटलं असतं.

लागूनची पट्टी बारेंडच्या पुतण्याची, अब्रामची. त्याच्याकडे नव्वद शेळ्या. पूर्वी तो ओट पेरायचा, पण दुष्काळात पेरणं सोडून त्याने तिथे शेळ्यांचं कुंपण केलं. कमिटीने ते चालवून घेतलं, कारण कुंपण म्हणजे काम दिसतं. आता त्याला कुंपण वाढवायचं होतं, आणि वाढवायला जागा फक्त माझ्या बाजूला.

दुष्काळ लागल्यापासून गहू मी सात वर्षं पेरून पाहिला. सातही वर्षं बी मातीत गेलं आणि मातीतच राहिलं. तेवढ्यात शहरातल्या एका नर्सरीची बाई गावात आली. ती म्हणाली, आमच्याकडच्या रानफुलांचं बी लोक बागेत लावायला मागतात, तुम्ही पिकवाल का? मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग मनात म्हटलं, ही जमीन गहू द्यायला तयार नाही, फुलं द्यायला दर वर्षी तयार असते, आणि मी मूर्खासारखी तिच्याशी गव्हावरून भांडत बसले आहे.

ऑक्टोबरमध्ये मी आणि याकोमिनाने बी गोळा केलं. डेझीचं बी दोन तऱ्हेचं असतं, एक कागदासारखं चपटं आणि एक खडबडीत, बारीक. दोन्ही घेतलं. शिवाय चर्चच्या मागच्या उतारावर माशीचं फूल येतं, तेही घेतलं. त्याच्या पाकळ्यांवर काळे ठिपके असतात, माशी बसल्यासारखे, आणि खऱ्या माशा फसून तिथे येऊन बसतात. दर टेकडीचं माशीचं फूल वेगळं. आमच्या चर्चच्या उताराचं ओळखायचं म्हणजे ठिपके फक्त तीन पाकळ्यांवर. ते बाकी कुठे होत नाही.

बी सांभाळायचं कसं? मी म्हटलं, चांगलं बी थंड ठेवावं. गावात चालणारा फ्रिज एकच, चर्चचा. पाद्रीबाईंच्या हातापाया पडून मी उशीच्या अभ्र्यात बांधलेलं बी लोण्याशेजारी ठेवलं. आख्खा उन्हाळा, नोव्हेंबर ते मार्च, ते तिथे राजासारखं राहिलं. बाहेर दगड फुटतील असं ऊन, आणि माझं बी गारव्यात. माशीच्या फुलाची वाळलेली बोंडं मी दगडाने फोडली, एकेक बी वेगळं काढलं, पाखडलं. त्यात माझी नखं गेली. एप्रिलमध्ये गाढवं जुंपून पट्टी नांगरली, बी फोकलं, वरून कुळव फिरवून नीट झाकलं. चाळीस वर्षं गहू असाच पेरला होता.

पाऊस गव्हाला कमी, पण फुलांना पुरेल एवढा झाला. माझ्या पट्टीत काही म्हणजे काही आलं नाही. कुंपणाच्या खांबाशी मात्र डेझीची आठदहा रोपं आली, आणि ती मी पेरलेली नव्हती.

ऑगस्टमध्ये कमिटी आली. कमिटी म्हणजे मुख्यतः पेट्रस अपोलिस. साठीचा माणूस, हातात वही, काखेत नियमांचा कागद, डोक्यावर लग्नात घातलेली टोपी. नांगरलेली उघडी जमीन पाहून तो हळहळला.

"काय पेरलं होतं, आंटी?"

"फुलं."

"वैतागू नका हो. सगळ्यांचंच असं झालंय," तो म्हणाला, आणि वहीत लिहिलं, 'गहू. कसलेली.'

नर्सरीच्या बाईला मी फोन केला. ती म्हणाली, "फ्रिज? पण त्याला उन्हाळा लागतो ना! ऊन खाल्ल्याशिवाय ते बी जागंच होत नाही." हे तिने आधी सांगायचं नाही का? मग म्हणाली, "आणि खोल गाडलंत? मातीवर नुसतं टेकवायचं असतं. बोंडं फोडलीत? ती आख्खीच पेरायची असतात, आतूनच कोंब येतो." मी फोन ठेवला. मला तिचा राग आला नाही. माझा आला. त्या उतारावर माशीचं फूल मी साठ वर्षं पाहत आले. बोंड जमिनीवर पडतं, तिथेच भिजतं आणि तिथेच उगवतं. कोण येऊन ते दगडाने फोडतं?

दुसऱ्या वर्षी बी पत्र्याच्या छपरावर टाकलं, पातळ कापडात, चार महिने. दुपारी त्या पत्र्यावर हात ठेवला तर कातडी निघेल. याकोमिना म्हणायची, "आता मीठ लाव आणि वाढ." एप्रिलमध्ये जमीन नुसती ओरखडली, बी वर टेकवलं. तीन दिवसांनी पाहते तर मुंग्यांची रांग माझं बी घेऊन अब्रामच्या कुंपणाखाली चाललेली. सकाळी तितर येऊन खाऊन जायचे. मी डबा वाजवत फिरायचे. तरी पुष्कळ उरलं होतं. एप्रिलच्या शेवटी चांगली सर आली आणि चौथ्या दिवशी पट्टी हिरवी झाली. हिरवी! मी याकोमिनाला हाताला धरून ओढत नेलं.

मग पाऊस गेला. सात आठवडे थेंब नाही. वरून पूर्वेचा गरम वारा सुटला, भट्टीचं दार उघडल्यासारखा. रोपं दोन पानांवर होती, तिथेच करपली. मी झऱ्यावरून बादल्या नेल्या, पाळी नसतानाही नेल्या, त्यावरून शिव्या खाल्ल्या. एवढ्या जमिनीला बादल्या काय पुरतात?

पेट्रस आला. ओरखडलेली, रिकामी जमीन पाहिली. "काय होतं?"

"फुलं."

"आंटी, तुमची जीभ काही सुकली नाही या दुष्काळात," तो हसला. वहीत लिहिलं, 'गहू. कसलेली.'

मी त्याला अडवलं नाही, हे मला इथे कबूल करायला हवं. पट्टी राहिली होती, मी गप्प बसले.

तिसऱ्या वर्षी मी पहिल्या सरीला फसले नाही. पहिली सर आली, सगळं गाव खूष झालं, मी बी छपरावरून हलवलं नाही. याकोमिना दारात येऊन ओरडली, "अगं, पेर ना!"

"नाही पेरत."

"का?"

"हा पाऊस खोटं बोलतोय."

तो खोटंच बोलत होता. महिन्याने दुसरा आला, दोन दिवस धरून बसला, डोंगरावर ढग टेकले. तेव्हा मी पेरलं. बी वाळूत मिसळून फोकलं म्हणजे वारा नेणार नाही, आणि मग चारही गाढवं पट्टीतून उभीआडवी फिरवली. त्यांच्या खुरांनी बी मातीत जेमतेम दाबलं गेलं, गाडलं गेलं नाही. हे मला नर्सरीच्या बाईने सांगितलं नव्हतं. गाढवांच्या वाटेवर फुलं नेहमी दाट का असतात, ते मला तेव्हा कळलं. माशीच्या फुलाची आख्खी बोंडं मी एकेक करून वरच्या टोकाला ठेवली, गुडघ्यांवर रांगत. गुडघे त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते.

जूनमध्ये पाऊस, जुलैमध्ये पाऊस. ऑगस्टच्या मध्याला माझी पट्टी भरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी, आणि वरच्या टोकाला माशीची फुलं, तीन पाकळ्यांवर तीन ठिपके. मी कुंपणाच्या खांबाला धरून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "घे, बारेंड!"

आता एक गोष्ट झाली होती आणि माझ्या ती लक्षातच आली नव्हती. पाऊस एकट्या माझ्यावर पडला नव्हता. अब्रामच्या कुंपणाबाहेर फुलं, मेलेल्या कोएराडच्या शेतात फुलं, शाळेच्या मैदानात फुलं.

कमिटी आली ती सकाळी साडेआठला, आणि आभाळ भरलेलं. डेझी ऊन असल्याशिवाय उघडत नाही. सगळी फुलं मिटून खाली मान घालून होती. पेट्रसबरोबर या वेळी अब्रामही होता, शेजारी म्हणून.

पेट्रस पट्टीकडे बघत राहिला. "आंटी, हे तण आहे."

"तण नाही. थांब जरा. ऊन येऊ दे."

"मला अजून अकरा पट्ट्या बघायच्या आहेत."

"दोन वर्षं तू माझं ऐकलं नाहीस. आज अर्धा तास थांब. याकोमिना, चहा आण यांना."

चहा झाला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. पेट्रस दगडावर बसून पेंगला. अब्राम चटचट नखं कापत बसला. अखेर साडेदहाच्या सुमाराला ढग फाटले, आणि वरच्या टोकापासून खालपर्यंत एकेक फूल उघडत आलं. डोळ्यांना सहन होईना असा रंग. मी पेट्रसला हलवलं.

"बघ!"

तो उठला, टोपी मागे सारली आणि पट्टीभर नजर फिरवली. मला वाटलं, जिंकले.

"अरेरे," तो म्हणाला. "ही तर साफ पडीक आहे."

"काय?"

"आंटी, एवढी फुलं! कोणी हातच लावलेला नाही हिला. कोएराडच्या शेतातपण एवढी नाहीत, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली."

"मी पेरलीत ती!"

अब्राम खो खो हसला. "आंटी, शाळेच्या मैदानातलीपण तुम्हीच पेरलीत का? आणि त्या डोंगरावरची? थकला असाल हो."

"तू गप्प बस, शेळ्यांच्या शेपट्या मोजत. पेट्रस, मी तुला दोन वर्षं सांगितलं नाही? पहिल्या वर्षी काय म्हणाले मी? फुलं. दुसऱ्या वर्षी? फुलं."

"मला वाटलं तुम्ही पावसावर चिडून बोलताय." त्याने वही चाळली. "इथे गहू लिहिलंय."

"तू लिहिलंस!"

"पण तुम्ही खोडायला नाही लावलंत."

 मी त्याला हाताला धरून वरच्या टोकाला नेलं आणि माशीचं फूल दाखवलं. "हे बघ. तीन ठिपके. हे चर्चच्या उताराचं आहे. इथे कधी होतं का? बोंड जड असतं, वाऱ्याने उडत नाही. ते इथे चालत आलं का?"

पेट्रस वाकला. त्याचं घर चर्चच्या उताराशेजारीच होतं, त्याला ठिपके कळत होते. तो एका फुलाशी बराच वेळ थांबला. त्या फुलावर एक माशी येऊन बसली, फसली, उडाली. तो उठला तेव्हा आवाज खाली आला होता.

"आंटी, मला पटलं. तुम्ही पेरलं असणार."

"मग लिही तसं."

"कसं लिहू? वहीत रकाने आहेत. गहू, ओट, राय, जव. फुलांना रकाना नाही. सभेत विचारतील, पेट्रस, आंटीची पट्टी कशी होती? मी काय सांगू, फुलांनी भरलेली? सगळं गाव म्हणेल, म्हणजे पडीक. जी उघडी होती ती कसलेली, असंच चालत आलंय आपल्याकडे."

"म्हणजे ज्या वर्षी काही उगवलं नाही त्या वर्षी मी कामाची, आणि उगवलं त्या वर्षी आळशी."

"ऐकायला वाईट वाटतं खरं," तो म्हणाला. "दहा दिवस देतो. आख्खी नांगरून ओट टाका. मी येऊन बघेन आणि कसलेली लिहीन."

"ऑगस्टच्या शेवटी ओट? ऑक्टोबरात वाळून जाईल."

"वाळू दे. पेरलेलं असलं म्हणजे झालं."

"आणि बी? सहा आठवडे हवेत बी पिकायला. सहा आठवडे थांब."

"सभा पंधरा दिवसांवर आहे, आंटी."

अब्राम म्हणाला, "माझी गाढवं घ्या हवी तर. ताजी आहेत." तो चेष्टा करत नव्हता. तेच जास्त लागलं.

रात्री आम्ही जेवायला बसलो. याकोमिनाने मांस वाढलं, ते ताटात तसंच राहिलं. ती म्हणाली, "सोड ना पट्टी. माझ्या पाळीचं पाणी घे."

"आणि सभेत तुझ्या तोंडाने बोलू?"

"माझ्या तोंडाने बोललीस तर निदान शिव्या कमी येतील."

"पट्टी सोडायची म्हणजे फुलंही अब्रामच्या शेळ्यांना. पट्टी ठेवायची म्हणजे फुलं मी मारायची. यातलं कोणतं सोडू ते तरी सांग."

तिने माझं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी मी पेट्रसच्या घरी गेले आणि नियमांचा कागद मागितला. तो म्हणाला, "मी वाचून दाखवतो." मी म्हटलं, "तू वाचतोस तेव्हा घाईत वाचतोस." त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. दुपार गेली. त्याच्या बायकोने दोनदा विचारलं, आंटी, जेवणार का? सातव्या कलमावर बोट थांबलं.

"पेट्रस, इकडे ये. इथे काय लिहिलंय? पट्टीचा निम्म्याहून जास्त भाग नांगरून पेरलेला असावा. आख्खी कुठे लिहिलंय?"

त्याने चष्मा लावला. पुन्हा वाचलं. "निम्म्याहून जास्त," तो म्हणाला. "आम्ही आख्खीच म्हणत आलोय."

"तुम्ही पुष्कळ म्हणत आलाय."

पट्टीची लांबी मी पावलांनी मोजली. एकशे चौदा पावलं. अठ्ठावन्नाव्या पावलावर दगड ठेवला. दगडापासून खालच्या टोकापर्यंत डेझी सर्वांत दाट होती, माती खोल, नांगर चालणारी. वर माती पातळ, फुलं विरळ, पण माशीची फुलं सगळी तिथे. म्हणजे काय मरणार हे ठरलेलंच होतं.

मला ते सकाळी लवकर उरकायचं होतं, फुलं मिटलेली असताना. पण पेट्रसला साक्षीला यायचं होतं आणि तो आला दहाला, आभाळ निळं धुतलेलं, आणि माझी सगळी फुलं सूर्याकडे तोंडं करून उघडी. याकोमिनाने गाढवं धरली, मी नांगर धरला. नांगराच्या पहिल्याच रेघेत गाढवं थांबली आणि फुलं खायला लागली. ओढ म्हटलं की चार पावलं ओढायची, मग मान खाली, घास. मी ओरडले. काठी मारली. थोरल्या गाढवाच्या तोंडातून दोन्ही बाजूंनी केशरी पाकळ्या बाहेर आल्या होत्या आणि ते माझ्याकडे बघत होतं.

"त्यांना तरी चव कळतेय," याकोमिना म्हणाली.

"बोलू नकोस. ओढ."

दुपारपर्यंत अठ्ठावन्न पावलं झाली. नांगराची एकेक रेघ पडत होती, फुलं आडवी होत होती, माती वर येत होती. तिसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा जमलेलं काम मी माझ्याच हाताने उलटं घातलं. मग ओट फोकला. अब्राम कुंपणावर हात टेकून उभा होता. तो म्हणाला, "आंटी, आता कशी शेतासारखी दिसतेय." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

पेट्रसने दगडापर्यंत पावलं मोजली. त्याची पावलं माझ्यापेक्षा मोठी, त्याची छप्पन्नच भरली, आणि मी सांगितलेलं निम्मं सत्तावन्न होतं. तो थांबला, वरच्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आंटी, लहान पावलांनी मोजायचं असतं का?"

"बाईची पट्टी बाईच्या पावलांनी."

त्याने वहीत लिहिलं, 'ओट. कसलेली.' सभेत वाचून दाखवलं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. माझं नाव यादीत राहिलं. त्याच सभेत मी उठून विचारलं, फुलांचा रकाना कधी करणार? लोक हसले. पुढच्या सभेत बघू म्हणाले.

ओट चार बोटं वर आला आणि सप्टेंबरच्या गरम वाऱ्याने पिवळा पडला. वरच्या टोकाची माशीची फुलं पिकली. ऑक्टोबरात मी आणि याकोमिना तिथे गुडघ्यांवर रांगत बोंडं वेचत होतो. पिशवी निम्मीसुद्धा भरेना. नर्सरीच्या बाईला जेवढं कबूल केलं होतं त्याच्या चौथाईपण नव्हतं. शेवटच्या बोंडापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून मी पोटावर पडले, तेवढ्यात रस्त्यावरून पेट्रसची बायको जात होती. तिने ओरडून विचारलं, "आंटी ड्रीका, ओट कसा आहे यंदा?"

"छान आहे," मी मातीत तोंड असतानाच म्हटलं. "खाली पडलाय, तोच वेचतेय."